चौदा दगडांचा जिना

आमच्या ग्रुपमध्ये सायकल कमी चालते आणि तोंड जास्त. रविवारी सकाळी दोन तास ट्रेलवर, मग ढाब्यावर पराठे आणि अडीच तास चर्चा! इतके किस्से साठलेत की माझा नवरा म्हणतो, "सायकली कशाला वाहून नेता यार, सरळ ढाब्यावरच भेटत जा ना." त्याला काय कळतंय.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं, सगळे पोटापाण्यासाठी दिल्लीत आलेले मराठी. मी वृंदा, मयूर विहारवाली, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. नार्वेकर काका, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधले, मूळ वेंगुर्ल्याचे. सचिन जगदाळे, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघणारा. आणि लातूरची रेश्मा तांबोळी, यूपीएससीवाली. आमचा ट्रेल मानेसरच्या मागे, अरवलीच्या टेकडीवर. बकऱ्यांनी पाडलेली वाट, दोन्ही बाजूंना कीकर म्हणजे इकडच्या बाभळी, आणि मध्ये दगडच दगड. या दगडांवरून आमच्यात सरळ दोन पक्ष आहेत.

काकांच्या मते दगड नसेल तर त्याला ट्रेल म्हणू नये. "डांबरी रस्त्यावर पाय चालतात, इथे डोकं चालवावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सचिनच्या मते प्रत्येक वळण सारखं, प्रत्येक उतार सारखा, म्हणजे कोणीही या, काहीही न मोडता घरी जा. कंपनीने त्याला एकदा ट्रेनिंगला परदेशी पाठवलं होतं, तिथे त्याने असला बनवलेला ट्रेल चालवला. तेव्हापासून गडी बिघडला.

*

पहिला प्रयोग सचिनने गेल्या वर्षी खालच्या सौम्य उतारावर केला. महिनाभर सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन खपत होता. मोबाइलवर उताराचा कोन मोजायचा, वळणाला बाहेरून मातीची कड चढवायचा. शेवटी कसं चालवायचं त्याचा एक कागद लॅमिनेट करून कीकरला टांगला. "सूचना क्रमांक एक: ब्रेक वळणाआधी."

पुढच्या रविवारी गेलो तर कागद अर्धाच. बाकीचा बकऱ्यांनी खाल्लेला.

काका शांतपणे म्हणाले, "ऑडिट झालेलं दिसतंय."

*

ट्रेल मात्र खरंच झकास झाला होता, खोटं कशाला बोलू. मी पहिल्यांदाच एकदाही पाय न टेकता खाली आले. वळणावर सायकल आपोआप वळते, पोटात गुदगुल्या होतात. मी तिथल्या तिथे काकांचा पक्ष सोडला.

तिसऱ्या रविवारी अशीच मजेत येत होते, तर समोरून हॉर्न. वळणातून एक मोटरसायकल वर चढत आली, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवलेल्या. मी कशीबशी झुडपात घुसले.

दूधवाला थांबला, हात जोडून म्हणाला, "मॅडमजी, रास्ता बहुत बढ़िया बना दिया आपने. पूरे तीन किलोमीटर बच गए. बस थोड़ा चौड़ा और करवा दो."

सचिनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकांनी त्या दिवशी दोन पराठे जास्त खाल्ले.

*

रेश्माला दोन्ही पक्षांनी ओढून पाहिलं. ती दगडवाल्यांकडे गेली. मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्यात सगळ्यात जास्त आपटते तीच. कोपराचं सालटं कायम निघालेलं.

"वृंदाताई, त्या गुळगुळीत वाटेवर ना, सायकल आपोआप चालते," ती म्हणाली. "मग डोकं मोकळं होतं आणि मेन्सचे राहिलेले टॉपिक आठवायला लागतात. इकॉनॉमीचं हे राहिलं, एथिक्सचं ते राहिलं. दगडात घुसलं की काही म्हणजे काही आठवत नाही. आठवड्यात तेवढाच अर्धा तास असतो मला."

दुसऱ्यांदा मेन्समध्ये अडकली होती पोरगी. मला भरून आलं.

*

आता मुख्य गोष्ट. टेकडीच्या वरच्या टोकाला एक उतार आहे, त्याला आम्ही जिना म्हणतो. चौदा दगड, एकाखाली एक, एकही दुसऱ्यासारखा नाही. आम्ही तिघं तो सायकल हातात धरून उतरतो, त्यात लाज कसली. काका मात्र आठ वर्षं दर रविवारी सायकलवर बसूनच निघतात आणि मध्येच कुठेतरी पडतात. पूर्ण जिना एकदाही उतरलेले नाहीत.

आणि काका या जानेवारीअखेर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं, सामान वेंगुर्ल्याला.

काकूंचा मला फोन आला. "वृंदा, ह्यांचा तो जिना एकदा होऊन जाऊ दे गं. पेन्शनचे कागद तसेच पडलेत आणि हे वहीत दगडांची चित्रं काढत बसतात. असेच गेलो तर गावी माझं डोकं खातील." पुढे म्हणाल्या, "काल म्हणाले, गावच्या आमराईत सगळं मिळेल, पण असा उतार नाही मिळायचा. फार वाईट वाटलं मला."

मी हे सगळं सचिनला सांगितलं. तीच माझी चूक.

*

काकांचा शेवटचा रविवार. थंडी मरणाची होती, धुकं उठता उठेना. जिन्यापाशी पोचलो तर जिना नाही! चौदाच्या चौदा दगड काढलेले, माती भरून दुरमुसाने ठोकून सारखी केलेली, वर एक लाल रिबन. सचिन आणि त्याच्या कंपनीतले दोघं शनिवारी दिवसभर राबले होते. त्याच्या हाताला फोड आले होते.

"काका, तुमचं रिटायरमेंट गिफ्ट," तो म्हणाला. "आज तुम्ही पूर्ण उतरणार. गॅरंटी."

काकांनी रिबन कापली, सायकलवर बसले आणि सुळकन खाली गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते सायकल ढकलत वर आले, "छान केलंयस हो, सचिन," म्हणाले, आणि हेल्मेट काढून बाजूला बसले. डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले, पण धुक्यात कसली धूळ. रेश्मा तर रडायलाच लागली.

सचिनचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "काका, दगड फेकलेले नाहीत."

झुडपामागे चौदा दगड ओळीत मांडलेले होते. प्रत्येकावर पिवळ्या पेंटने नंबर. खिशातून त्याने ड्रॉइंग काढलं: कुठला दगड कुठे, किती खोल, किती तिरका, शिवाय चारी बाजूंचे फोटो. "आमच्या कंपनीत मार्क केल्याशिवाय काही काढायची पद्धतच नाहीये," तो ओशाळून म्हणाला.

मग काय, लागलो कामाला. रेश्मा ड्रॉइंग वाचत होती, सचिन पहारीने खड्डे करत होता, मी दगड ढकलत होते. काकांना हात लावू दिला नाही. नऊ नंबरला सगळ्यात जास्त वेळ लागला. काका बहुतेक वेळा पडतात तो हाच, बोजड आणि वेडावाकडा. दोन तासांनी जिना जागेवर आला.

काका वर उभे राहिले. बराच वेळ खाली बघितलं. मग निघाले.

तीन, चार, पाच. सातवर मागचं चाक घसरलं, सावरले. नऊवर पुढचं चाक चढलं, क्षणभर थांबलं आणि खाली उतरलं. मी सचिनचा दंड इतका घट्ट धरला होता की त्याला वळ उठले. बारा, तेरा, चौदा. काका खाली, सायकलवरच, दोन्ही पाय पेडलवर!

आम्ही तिघं ओरडत, नाचत खाली धावलो. सचिन तर रडत होता.

काका सायकलवरून उतरले. वळले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि जिन्याकडे निरखून बघत राहिले.

"सचिन, नऊ नंबर उलटा बसलाय. त्याचं टोक वर पाहिजे. नीट बसव," म्हणाले, आणि सायकल खांद्यावर घेऊन परत वर चढायला लागले.