डॉक्टरांची पेटी आणि बिगारीची पोरं

बिगारीचा वर्ग ज्याच्याकडे असतो त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पोरंच ते रोज दप्तरात घालून आणतात. भोरला संस्थानचा कारभार होता तेव्हा हा वर्ग माझ्याकडे होता. एका वर्षी पुण्याहून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर पेटी घेऊन हजर झाले. पोरांना वास, चव, स्पर्श, आवाज किती कळतो, ते म्हणे मोजायचं!

सुरुवात वासानं. डोळे बांधून बाटल्या हुंगवल्या. रॉकेलला एकजण म्हणाला, "दिवा." अत्तराला एकीनं विचारलं, "लगीन कुणाचं हाय?" तिसऱ्यानं जंतुनाशक कार्बोलिकची बाटली हुंगली आणि ठासून सांगितलं, "डॉक्टर." डॉक्टरांनी तेही उत्तर बरोबर धरलं, माणूस मोठ्या मनाचा.

मग चव. जिभेवर क्विनाइन ठेवलं की तोंड किती वाकडं होतं, ते पाहायचं. बाळू चक्क हसला. 'कडू कळत नाही,' डॉक्टरांनी लिहिलं. पण बाळू जागचा हलेना.

"आता काय रे?"

"गूळ द्या की. आय क्विनाइनवर गूळ देतीया."

पुढच्या सगळ्या पोरांनी हसत हसतच तोंडं उघडली. शेवटी गूळ आणावाच लागला.

स्पर्शाला मोराचं पीस होतं. तळव्याला गुदगुल्या करायच्या. पण भातखाचरं तुडवलेले तळवे ते, एकही पोर हललं नाही. डॉक्टरांना पिसाचाच संशय आला. आमच्या हेडमास्तरांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आणा, माझ्या पायाला लावा." लावलं, आणि हेडमास्तर खिदळत खुर्चीवरून खाली! संध्याकाळच्या मोटारीनं ही बातमी नसरापूरला पोचलीसुद्धा.

उठल्यावर ते दुप्पट कडक झाले. "आता कान तपासा. ज्याला ऐकू येत नाही त्याचं नाव कमी. ही शाळा आहे, धर्मशाळा नव्हे."

मला काळजी लागली ती सकूची. गुंजवणे गावची ही पोरगी मामाकडे राहून शिकायची. शाळा सुटली की मामाची म्हैस रानात सोडायची आणि स्वतः झाडाखाली पाटी गिरवत बसायची. पाटी हातात असली की हाक मारली तरी ओ द्यायची नाही, म्हणून सगळे तिला बहिरी म्हणत. पण वर्गात तिच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. तिचं नाव कमी झालं असतं तर मला फार लागलं असतं.

डॉक्टरांच्या पेटीतली नाजूक घंटा तोवर पोरांनी मोडली होती. शिपायानं आपल्या गोठ्यातली, म्हशीच्या गळ्यातली घंटा आणून दिली.

सकूला पाटी देऊन भिंतीकडे तोंड करून बसवलं. डॉक्टरांनी मागं घंटा वाजवली. सकू लिहीत राहिली. जोरात वाजवली. सकू आणखी मन लावून लिहायला लागली. तिला न्यायला येऊन दारात उभ्या असलेल्या मामानं मान खाली घातली. हेडमास्तरांनी टाक दौतीत बुडवला.

हात भरून आला तशी डॉक्टरांनी घंटा खाली ठेवली.

सकू ताडकन उठली, पाटी टाकून दाराकडे धावली.

"मामा, म्हस कुठं गेली?"