सहाव्या पानावर भाकर

धारूरच्या घाटावर दूध संस्थेची इमारत रिकामी पडली होती. लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. जागा संस्थेकडून वर्षाच्या भाड्यानं घेतली, ते कुलूप काढलं आणि मी तिथं हॉटेल सुरू केलं. हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं नव्हे. बारा माणसांचं, आधी कळवून यायचं, आणि काय खायचं ते मी ठरवणार. पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात मी बरीच वर्षं रांधलं होतं. तिथं दोन-दोन घासांच्या दहा बशा खायला लोक लांबून गाडी करून यायचे. बशांत सगळं परदेशातलं. आमच्या हुलग्यानं आणि भाजल्या धान्या-मसाल्याच्या येसरानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

भांडी घासायला पाणी नव्हतं. टँकर आला तर आला. म्हणून मी प्रत्येक पदार्थ पळसाच्या पानावर नाहीतर द्रोणात द्यायची. एक पान उचललं की दुसरं मांडायचं. पुण्याच्या पाहुण्यांना ती कला वाटायची. मी कशाला सांगायला जाऊ? लोक घाट चढून येऊ लागले, आणि मी हवेत होते.

वर्ष सरत आलं तसं संस्थेच्या संचालक मंडळात निघालं की जागा सिमेंटच्या गोदामाला द्यावी. माझी झोप उडाली. असं दुसरं छप्पर मला त्या घाटावर मिळणार नव्हतं. मी चेअरमनना निरोप धाडला, आधी सगळे जेवून जा, मग काय तो ठराव करा.

मंडळ आलं, पांढऱ्या कपड्यांत, कडकडीत भूक घेऊन. पहिल्या द्रोणात हुलग्याचं माडगं दिलं, ते एका घोटात संपलं. मग करडईची कोवळी भाजी, बोटभर खारवड्या. चौथ्या द्रोणात येसराची आमटी आली आणि सगळ्यांचे हात थबकले. आमच्याकडे आमटी दिसली की माणूस आधी भाकर कुस्करतो. इथं कुस्करायला काही नव्हतंच.

"भाकर कावून न्हाई?" चेअरमननी विचारलं.

"हाय की आबा. तिची येळ आली की येती."

"चवीपुरतं देऊन उठवती काय बे ही?" एक जाडजूड संचालक शेजाऱ्याला म्हणाला. पाचव्या पानावरचे शेंगोळे त्यानं दोन घासांत संपवले आणि तो उठलाच. "चला, खाली धाब्यावर जाऊ. लई भूक लागलीया."

त्याच्यामागं आणखी दोघं उठले. माझं डोकं सणकलं. पुण्यात मी मुकादमासारख्या आचाऱ्याच्या शिव्या मुकाट ऐकल्या होत्या, पण हे माझं घर होतं. मी दारात जाऊन उभी राहिले.

"जायचं तर जावा. पण मग जेवून ठराव केला असं गावात सांगू नका. तुमचं जेवण अर्धंच झालंय."

चेअरमन हसले आणि त्यांनी त्याला बाही धरून खाली बसवलं. बाकीचे दोघंही बसले. तेवढ्यात माझ्या आईनं चूल फुंकली; हॉटेलात भाकरीचं काम तिचं.

चूल मी मुद्दाम पाहुण्यांसमोर मांडली होती. आम्ही बौद्ध. आई लहान असताना याच मंडळींच्या दारांतून भाकर वरून तिच्या पदरात टाकली जायची, हात लागू नये म्हणून. आता त्यांच्यासमोर बसून ती भाकरी थापत होती, आणि तिच्या थापट्यांशिवाय खोलीत कशाचा आवाज नव्हता. हे बघण्यासाठीच मी सगळा खटाटोप केला असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

सहाव्या पानावर शाळूची एकेक भाकर गेली. आईनं आपल्या हातानं ठेवली. टम्म फुगलेली, पापुद्रा फोडून आत करडईचं तेल, जाडं मीठ आणि ठेचलेला लसूण. सोबत काही नाही. मंडळी तुकडा मोडून नुसतीच भाकर खायला लागली, आमटी कुणी मागितली नाही. मी जिंकले होते, आणि मला ते कळलं होतं.

"सारा जलम आमटीत बुडवूनच खाल्ली," चेअरमन म्हणाले. त्यांचं पान रिकामं झालं होतं. "मावशी, आनखी एक वाढा."

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात कुणाला दुसरी भाकर नाकारली नव्हती. घरात पीठ नसलं तरी ती आग्रह करायची. तिनं हाताचं पीठ झटकलं.

"आज एकच. दुसरी पायजे असंल तर पुन्यांदा या."

चेअरमननी रिकामं पान दुमडलं. मग मंडळाकडे वळून नेहमीच्या सभेतल्या आवाजात म्हणाले, "जागा हॉटेलाकडंच ऱ्हाऊ द्यावी. सूचक कोन?"

"मी," धाब्यावर निघालेला तो जाडजूड संचालक भरल्या तोंडानं म्हणाला. अनुमोदक एकदम तिघं निघाले.

"मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

उजव्या हातातली भाकर कुणी खाली ठेवली नाही. सगळ्यांनी डावे हात वर केले.