कंदिलाची रेघ

भूतखेत, चकवा असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगलच केली. कोणी असलं काही सांगायला लागलं, की मी आधी त्याने रात्री काय खाल्लं होतं ते विचारतो! पण हे माझ्यासमोर घडलंय...

पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागलो होतो. माझ्याच शिफ्टला यशवंता — मूळचा महाळुंग्याचा. मला फोटोग्राफीचा नाद. ध्रुवाभोवती फिरणाऱ्या चांदण्यांचा फोटो काढायचा म्हणून वैशाखात आम्ही त्याच्या गावामागच्या माळावर तंबू ठोकला. तेव्हा तिकडे रात्री एक दिवा दिसायचा नाही.

अशा फोटोला शटर तासन्‌तास उघडं ठेवावं लागतं, म्हणजे सरकणाऱ्या चांदण्यांच्या रेघा उमटतात. शटर उघडलं आणि यशवंताला बजावलं, "आता कॅमेऱ्यापुढे उजेड नको हं!"

"बरं राव. मी मागनं उतरून झऱ्याचं पानी आनतो," म्हणत तो कंदील घेऊन गेला.

थोड्याच वेळात वारा सुटला, ढग चढले, बघता बघता एक चांदणी राहिली नाही. यशवंताचा पत्ता नाही. मग हाक आली, पार ओढ्यापलीकडून आल्यासारखी — "राव, कुठं हायसा? वाट घावंना!"

कसला फोटो अन्‌ कसलं काय! कॅमेऱ्यापुढच्या मोकळ्या माळावर जाऊन मी बॅटरी लावली. "इकडे ये! उजेड बघ!" घसा बसेपर्यंत ओरडलो. धावून जावं तर कुठे? हाक दर वेळी निराळ्या बाजूने, रडवेली. कंदिलाचा ठिपकाही दिसेना. इतका असहाय मी पुन्हा कधी झालो नाही. बॅटरी संपली, तेव्हा कुठे शटर मिटायची आठवण झाली.

उजाडल्यावर यशवंता जवळच सापडला, गुडघ्यात मान घालून बसलेला. अंगात सणसणून ताप.

फिल्म धुतली. ढगांनी अर्ध्यावर तोडलेल्या चांदण्यांच्या रेघा. खाली माझ्या बॅटरीचा पांढरा डाग... आणि त्या डागाभोवती कंदिलाच्या रेघेचे वेढ्यावर वेढे. हात लांबवला असता तर त्याला लागला असता, इतक्या जवळून.

 

यशवंताने तो फोटो बराच वेळ पाहिला. "येवढ्या जवळनं वरडत हुतो म्या... तुमी साधी ओ बी दिली न्हाई?"

"अरे, मी रात्रभर ओरडत होतो!"

त्याने फोटो माझ्या हातात दिला. "मग ह्यो खोटा हाय व्हय?"

पुढच्या आठवड्यात त्याने शिफ्ट बदलून घेतली. तो वारला, तोवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.