दूध आधी ओतणारे लॉर्डसाहेब

आमच्या यॉर्कशायरमधल्या थॉर्नक्लफचा क्लिफर्ड ओल्ड्रॉइड टीव्हीवरच्या जुन्या जमान्याच्या मालिकांत काम करायचा. काम म्हणजे दार उघडायचं न् लावायचं. महाल कुणाचाही असो, दाराशी आमचाच गडी. बाप खाणीत कोळसा फोडायचा, पण ह्याचं तोंड असं लांबुडकं, की आईच्या पोटातनंच कुणाची तरी टोपी हातात धरून आल्यागत. ‘जेवण वाढलंय, बाईसाहेब’ एवढ्या एका वाक्यावर त्यानं घर बांधलं. गावच्या क्लबात शिरला की बिअर पिणारे ओरडायचे, “क्लिफ, आमचं बी वाढ की रं!”

एकदा मालिकेतला लॉर्ड तालमीतच घोड्यावरनं पडला न् कंबर मोडून बसला. क्लिफर्ड तबक घेऊन शेजारीच उभा, सगळे संवाद पाठ. दिग्दर्शक रुपर्ट हेल ह्यांनी त्यालाच कोट चढवला. लोकांना रुचला तर कायमचा लॉर्ड, नाहीतर पुन्हा तबक.

आणि रुचला की! लंडनची भाषा तर अशी झाडायचा, की क्लबात लोक खुर्चीत सरळ बसायचे. त्याची आई एडना तेवढी म्हणायची, “कसला लॉर्ड! हातरुमाल आजून मीच धुती त्याचा.”

मग चहाचा प्रसंग आला. स्टुडिओतल्या वीजवाल्यांची सुटायची वेळ झालेली. एकदा दिवे मालवले की खुद्द राणी आली तरी ते पेटवत नसत. घाईत क्लिफर्डनं कपात आधी दूध ओतलं, मग चहा. आमच्यात तसंच ओततात, नाहीतर उकळत्या चहानं स्वस्तातला कप तडकतो. लॉर्डाच्या उंची कपाला कसली भीती? तिथं चहा आधी, दूध मागनं. दिवे गेले, पुन्हा चित्रण होईना, आणि ओतलं ते ओतलंच राहिलं.

भाग दाखवला न् इंग्लंडच्या दक्षिणेतल्या पेन्शनर कर्नलांच्या बायका पिसाळल्या. पत्रांचा नुसता ढीग.

हेलसाहेब म्हणाले, “ओल्ड्रॉइड, तुम्ही खून केला असतात तरी चाललं असतं. लॉर्ड लोक खून करतात. पण दूध आधी?”

“पुढच्या भागात लहर आली होती म्हणतो, साहेब.”

“लहर वेगळी, सवय वेगळी. सगळ्या देशानं तुमचा हात पाहिलाय.”

लेखकांनी तोड काढली. खरा लॉर्ड म्हणे आफ्रिकेत नदीत बुडाला. हा त्याचा नोकर, यॉर्कशायरचा तोतया. कर्नलांच्या बायका खूश झाल्या. त्यांना म्हणे आधीपासूनच संशय होता.

पितळ उघडं पडतं त्या प्रसंगात क्लिफर्डनं गावच्या बोलीत बोलायचं होतं. टीव्हीवर आईची भाषा बोलायची त्याची ही पहिलीच वेळ. गडी पोटापासून बोलला. हेलसाहेबांनी कान चोळले. “छान. पण हे यॉर्कशायरचं वाटत नाही हो.” मग लंडनजवळच्या सरेची एक बाई आणली. तिनं त्याला यॉर्कशायरची बोली शिकवली.

तो भाग बघायला क्लब गच्च भरला. बुडालेल्याचा वारस म्हणून आलेल्या नव्या लॉर्डानं क्लिफर्डला महालाबाहेर काढलं. पायरीवर थांबून तो त्या बाईनं शिकवलेल्या बोलीत कायतरी बोलला.

“काय म्हनला त्यो?” कुणीतरी विचारलं.

एडनानं पाकिटातली सिगारेट काढली. “मला काय ठावं? लॉर्ड हुता तवा तरी पोराचं बोलनं कळत हुतं.”