ढोल कोणाच्या गळ्यात?

तुमच्या शाळेच्या बँडमध्ये ढोल कोणाच्या गळ्यात असतो? चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की मला समुद्रपूरचं मॅट्रिकचं वर्ष आठवतं. मी बँडचा कप्तान होतो आणि शेवटच्या संचलनात बिगूल वाजवायचं स्वप्न वर्षभर जपलं होतं. आमच्या ढोलवाल्याचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. सरावाला येऊन तो म्हणाला, "बापानं गावचं डफडं सोडलं, कप्तान. मले ढोल नाई पाह्यजे, बिगूल दे." "काऊन बे, साहेब झाला का?" पोरं खिदळली. गुरुजी म्हणाले, "ढोल यांच्या जातीलाच शोभतो." मला राहवेना. बिगूल त्याच्या हाती दिला आणि ढोल मीच अडकवला. संचलनात माझा ताल चुकत होता, पट्टा मानेला कापत होता, पण त्याचा बिगूल वेशीपर्यंत ऐकू गेला. ती मान अजून हुळहुळते. तुमच्या बँडमध्ये ढोल देण्याआधी त्या पोराला एकदा विचारा, तुला काय वाजवायचं आहे?