व्हर्लिन हाउगेनची चमचमती शाई

हाउगेनांच्या घरात लग्न निघालं की बाकीच्यांना कामं वाटावी लागत. व्हर्लिनचं काम ठरलेलंच असे. नारिंगी झेंडा घ्यायचा, गवत कापलेल्या रानात उभं राहायचं आणि येणाऱ्या गाड्या रांगेत लावायच्या. आत केक, नाच, ब्रँडीचे पेले. बाहेर व्हर्लिन आणि धूळ.

ह्याला कारण होतं. तरुणपणी एकदा चुलतबहिणीच्या लग्नात त्याला केक उचलून आणायला सांगितला होता. केक आला, पण व्हर्लिनचा अंगठा त्यात मुळापर्यंत रुतलेला. त्याच्या थोरल्या बहिणीनं, अर्लिसनं, त्याच दिवशी कायदा करून टाकला: “ह्याला आत घ्यायचा न्हाई. ह्याचे हात बाहेरच्या कामाचे हायेत.”

हात खरंच बाहेरच्या कामाचे होते. विस्कॉन्सिनमधले गोठे पालथे घालत दुधाचा टँकर फिरवण्यात जन्म गेलेला. एकेक बोट म्हणजे मातीतनं उपटलेलं गाजर. असल्या हातात टाक कसा आला, तर त्याला कारण लिंबाच्या वड्या.

वय झालं तसा टँकर सुटला आणि व्हर्लिन घरात बसला. बसला म्हणजे कोरीनच्या, बायकोच्या, पायात आला. दिवसातनं दहादा फ्रिज उघडून नुसता बघत उभा राही.

“आवं, त्यात काय सिनेमा लागलाय व्हय?” कोरीन एक दिवस कावली. “सोमवारी चर्चच्या तळघरात बायका जमत्यात, तितं जावा. लिंबाच्या वड्या असत्यात म्हणं.”

वड्या होत्या. पण वड्यांभोवती बसलेल्या बायका शाईत टाक बुडवून वळणदार अक्षरं काढत होत्या. त्यांची म्होरकी लव्हॉन रास्क. शाळेची बस चालवून चालवून तिचा आवाज असा झालेला, की ‘बस’ म्हटलं की बिशपसुद्धा बसावा.

“वडी खाल्लीस ना? मग बस. लिही.”

व्हर्लिननं टाक दाबला आणि निब कोंबडीच्या पायासारखं फाकलं. दुसरं मोडलं. तिसरं कागदातनं आरपार टेबलात गेलं. लव्हॉननं कपाळाला हात लावला.

“तू गाय पिळलीयस का न्हाईस कधी?”

“गाय? गोठ्यातच जन्मलोय मी.”

“मग सडाला हात लावतोस तसा लाव की! खाली येताना दाब, वर जाताना सोड. गाय लाथ मारंल एवढा जोर कशाला?”

हे मात्र त्याला बरोबर कळलं. त्या दिवसापासून व्हर्लिनचं अक्षर लागलं. खालची रेघ जाड, वरची केसासारखी. एवढ्या हातातनं एवढी बारीक रेघ कुठनं येते, हे बघायला बायका खुर्च्या ओढून बसू लागल्या, आणि वड्यांचं ताट त्याच्याकडे आपोआप सरकू लागलं.

ही वार्ता भाचीच्या, अर्लिसच्या ब्रिटाच्या, कानावर गेली. ती शहरात राहायची आणि लग्न मिनेसोटाच्या पोराशी ठरलेलं. मिनेसोटा म्हणजे शेजारचं राज्य, आणि शेजाऱ्याशी विस्कॉन्सिनची जन्माची चुरस. त्याबद्दल घरात कोणी उघड काही बोलत नव्हतं, इतकंच. तिनं फोन केला.

“मामा, पाहुण्यांच्या टेबलावर ठेवायची नावाची कार्डं तू लिहिशील का? शाई मात्र चमचमती हवी. रंग तूच निवड.”

व्हर्लिननं फोन ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. कोरीनला वाटलं, कोणीतरी गेलं.

“काय झालं? कोण?”

“मला आतलं काम दिलंय,” व्हर्लिन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अर्लिस मोटारीतनं उतरली ती कायदा घेऊनच.

“पोरीनं शब्द दिलाय, मी मोडत न्हाई. पण कार्डं आधी मला दाखवायची. मला पटली न्हाईत, तर मशीनवर छापून घेणार, आणि तू मुकाट झेंडा घेऊन रानात जायचं.”

“आणि पटली तर, आक्का?”

“तर गाड्या नवरदेवाचा भाऊ लावंल.”

“मिनेसोटावाला? त्याला सायकल तरी लावता येती का?”

“तुला केक तरी उचलता येतो का?” अर्लिस म्हणाली.

कार्डं आली ती गर्द हिरवी, देवदारासारखी. सोमवारी तळघरात शाईची निवड मांडली. लव्हॉननं नवी निबं मोठ्या बटाट्यात टोचून ठेवली होती. निबाला कारखान्याचं तेल असतं, ते बटाटा ओढून घेतो आणि मग शाई नीट धरते. चमचमत्या शाईत अभ्रकाची पूड असते आणि ती तळाला बसते, म्हणून टाक बुडवण्याआधी दरवेळी दौत ढवळायची. ढवळ, बुडव, लिही; ढवळ, बुडव, लिही. ढवळायला विसरलं की अर्धं नाव चमकतं आणि अर्धं नुसतंच असतं.

पहिली रुपेरी.

“मेलेल्या माशाचं पोट,” एकजण म्हणाली.

मग तांबूस. हिरव्यावर ती चाऱ्याच्या गंजक्या कोठारासारखी दिसली. मग सोनेरी, जाड, ठसठशीत, लांबून वाचता येईल अशी.

“ही बरी हाय,” लव्हॉन म्हणाली.

“चॉकलेटाचा कागद वाटतोय,” व्हर्लिन म्हणाला. त्याचा जीव आता नुसत्या ‘बरी’वर भागत नव्हता. जन्मात एकदा आत जायचं, तर चॉकलेटाचा कागद पांघरून कशाला जायचं?

शेवटच्या दौतीत गर्द हिरवी शाई होती, पोटात सोन्याचं अभ्रक घेऊन. ओली असताना काळी दिसली. बायकांनी माना हलवल्या. मग ती वाळू लागली, आणि शेणावरच्या हिरव्या माशीच्या पाठीवर ऊन पडावं तसं अक्षर पेटलं.

तळघरात हातातली वडीसुद्धा कोणी चावली नाही.

“हीच,” लव्हॉन म्हणाली.

टाकवाल्यांची बसायची एक रीत असते. फळी तिरकी, आणि दिवा डाव्या अंगाला, खाली वाकवलेला, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. सगळ्याजणी तशाच बसलेल्या. कार्ड ज्या हातात गेलं, त्या हातानं ते तिरक्या फळीवर ठेवून दिव्याच्या उजेडात बघितलं, आणि सगळ्यांनी ‘हीच’ म्हटलं. फळीवरनं उचलून ते सपाट टेबलावर टाकून बघावं, असं एकीच्याही मनात आलं नाही.

व्हर्लिननं कार्डं घरी लिहिली. स्वयंपाकघर पश्चिमेला, ऊन डावीकडनं. पण अभ्रक म्हणजे चिकट पाहुणा. ते टकलावर गेलं, कॉफीत गेलं, उशीवर गेलं. पशुखाद्याच्या दुकानात मालकानं विचारलं, “व्हर्लिन, काल कुटं नाचायला गेलतास?” कोरीनच्या बटाट्याच्या भाजीवर सोनं चमकलं, तेव्हा तिनं चमचा खाली ठेवला.

“आवं, उद्या सकाळी माझं काहीतरी चमकायला लागंल.”

अर्लिस कार्डं बघायला आली ती संध्याकाळची. तिनं ती तिरक्या फळीवरच बघितली. उलटीसुलटी केली, खालवर केली. हाउगेनांच्यात कौतुक म्हणजे दात उपटून काढल्यासारखं असतं.

“वाईट न्हाई,” ती म्हणाली.

व्हर्लिन त्या रात्री पहिल्यांदा झोपेत हसला, असं कोरीन सांगते.

लग्नाच्या दिवशी आभाळ भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. ट्रॅक्टर बाहेर काढून अर्लिसची शेड रिकामी केलेली, पांढरी टेबलं, फुलं. व्हर्लिन कोटात. रानात मिनेसोटावाला हातवारे करत होता आणि गाड्या एकमेकींची तोंडं बघत अडकल्या होत्या, तिकडं व्हर्लिननं मोठ्या मनानं बघितलं नाही.

चर्चमधलं उरकून पाहुणे शेडमध्ये आले आणि टेबलांशी थबकले. उजेड वरनं येत होता, छतातनं, सपाट आणि मेलेला. कार्डं सपाट पडलेली. हिरव्यावर हिरवं. नाव म्हणून काही नाहीच.

“कोरीच हायेत की,” एक म्हातारा म्हणाला.

“न्हाई, काहीतरी हाय. मान वाकडी करून बघ.”

एकानं मान वाकडी केली म्हणून दुसऱ्यानं केली. बघता बघता सगळी शेड दाणा दिसलेल्या कोंबडीसारखी एका डोळ्यानं टेबलाकडे बघू लागली. पास्टरनं गाल टेबलावरच टेकला. त्याच्या मागचा माणूस म्हणाला, “प्रार्थना चालू झाली वाटतं,” आणि त्यानं टोपी काढली. ब्रिटाच्या चुलतसासूनं नाव सापडेना म्हणून केकशेजारची खुर्ची धरली, आणि ती उठेना.

अर्लिसनं भावाकडे बघितलं. त्या बघण्यात केक होता, अंगठा होता, सगळं होतं.

व्हर्लिनच्या कानशिलावरनं घाम गळू लागला. घामात अभ्रक होतं.

गर्दी कापत लव्हॉन त्याच्यापाशी आली. “दिवा!” ती बसवाल्या आवाजात म्हणाली. “आपण सगळ्यांनी डाव्या अंगाच्या दिव्यात बघितलं, व्हर्लिन! एकीनं तरी सपाट ठेवून बघितलं का? वड्या खात बसलो!”

“आता शेडला डावं अंग कुठनं आणू, बाई?”

म्हणाला आणि थांबला. मग कोट सावरत रानाकडे पळाला. मिनेसोटावाल्याला वाटलं, आपल्या मदतीला आला. त्यानं हात जोडले. व्हर्लिन त्याला ओलांडून आपल्या पिकअपपाशी गेला. गाडीत त्याचा जुना टॉर्च होता, अंधारात गाड्या लावायचा, पुढं नारिंगी नळी बसवलेला.

शेडमध्ये येऊन त्यानं तो पहिल्या टेबलाला आडवा टेकवला. उजेड कार्डांवरनं सरपटत गेला आणि नावं निखाऱ्यासारखी उठली. नुसतं सोनं नव्हे, आता त्यात तांबूस धगही होती. बायकांनी ‘अगं बाई’ केलं.

पुढं व्हर्लिनला काही शिकवावं लागलं नाही. पाठ ताठ झाली, डावा हात वर गेला.

“तुमी, या. या, या, या. सरळ. जरा उजवीकडं घ्या. बास! बसा. पाठीमागचे थांबा, थांबा म्हटलं ना! पास्टर, तुमी पुढं गेलात, रिव्हर्स घ्या. आणखी. आणखी. बास. चुलतसासूबाई, तिथं लावायचं न्हाई, केकची वाट हाय ती. निघा, मागं वळा.”

चुलतसासू उठली. टॉर्चच्या मागं आख्खी शेड रांगेनं हलली. लोक हसत होते, आणि बसलेलेसुद्धा पुन्हा उठून मागं येत होते, त्यांना टॉर्चनं लावून घ्यायचं होतं म्हणून. ब्रिटा नवऱ्याला घेऊन दोनदा आली.

“मामा, आम्हाला पॅरलल पार्क कर.”

रानातल्या गाड्या लागायला वेळ लागला, शेडमधली माणसं पटकन लागली. शेवटचा पाहुणा बसला. ताटं आली. व्हर्लिननं टॉर्च विझवला आणि इकडंतिकडं बघितलं. मग पुन्हा लावला आणि कोरीनच्या शेजारच्या कार्डावर आडवा धरला. तिथं कोरीनचा भाऊ होता. पलीकडं बघितलं. पलीकडंही दुसऱ्याचंच नाव.

“काय शोधताय?” कोरीन म्हणाली.

व्हर्लिननं टॉर्च खाली केला. त्यानं सगळ्यांची नावं लिहिली होती. स्वतःचं लिहायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. रानात उभ्या राहणाऱ्या माणसाला कार्ड कशाला लागतं?

त्यानं झेंडा कुठं ठेवलाय ते आठवायला सुरुवात केली होती, इतक्यात अर्लिस आली. तिच्या एका हातात खुर्ची होती, घरातली, चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे असलेली. ती तिनं कोरीन आणि तिच्या भावाच्या मध्ये रेटून घुसवली. मग पर्समधनं बॉलपेन काढलं, कागदाचा रुमाल घेतला आणि वाणसामानाच्या चिठ्ठीवर लिहावं तसं गिचमिड ‘व्हर्लिन’ लिहून त्याच्या ताटापुढं आदळलं.

“बघ,” ती म्हणाली. “टॉर्चशिवाय वाचता येतंय का?”