चुगली

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की शाळेत दाखवलेल्या सिनेमातल्या मुलीने घरचं गुपित बाहेर सांगितलं, ते बरोबर की चूक. मी विषय बदलला. उत्तर लिहूनच देते, कारण या बाबतीत माझी एक चूक झालेली आहे.

बोंडअळी न लागणारा बीटी कापूस नवा होता तेव्हा मी चिखलीत नववीच्या मुलींना इंग्रजी शिकवत होते. शनिवारी त्यांना परदेशी सिनेमे दाखवायचे आणि संवाद मराठीत सांगत जायचे. अशाच एका सिनेमात भाऊ गाडीने एका म्हाताऱ्याला उडवून पळतो आणि मागे बसलेली बहीण शेवटी पोलिसांना सगळं सांगते. मी म्हटलं, "तिने भावाची चुगली केली."

"चुगली काऊन म्हणता मॅडम? खरं सांगतलं तिनं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"तुले काय झोंबलं वं? तुहा भाऊ होता का गाडीत?" मागून एकीने विचारलं. वर्ग हसला. ती हसली नाही.

शाळा सुटल्यावर ती थांबली. तिच्या वडिलांचं बियाण्याचं दुकान होतं. बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियांची छोटी पुडी येई, शेताच्या कडेने लावायला. शेतकऱ्यांना ती बिनकामाची वाटे. ते ती दुकानातच टाकून जात. वडील त्या पुड्या फोडून ते बी नव्या पिशव्यांत बीटी म्हणून विकत होते. त्या कपाशीला बोंडअळी लागणारच. पिशव्या भरायला ही आणि तिची आई बसत.

"लोकाइले सांगू का मॅडम?"

"तूच विचार कर," मी म्हणाले. तिचे वडील शाळेच्या समितीवर होते.

सोमवारी, दुकानात गर्दी असताना, ती सगळ्यांदेखत बोलली, "हे बीटी नोहे. कडेले लावाचं बी आहे." लोकांनी पिशव्या परत केल्या. त्याच आठवड्यात वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढून तिला सोनाळ्याला मामाकडे पाठवलं. दाखला न्यायला ते आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये बसून वह्या तपासत राहिले.

तिने केलं ते बरोबर होतं. तसं तिला सांगायचं काम माझं होतं.

दहावी ती मामाकडूनच झाली. वडील तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. दुकान अजून आहे, आता तिचा चुलतभाऊ चालवतो. तिथे कंपनीच्या बंद पाकिटाशिवाय बी विकत नाहीत.